चाळीस ओट्यांचा बाजार

चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि गावाचा विकास आराखडा तयार करायला मला तिकडं पाठवलं. ती माझी पहिली नोकरी. मी नगररचना शिकले होते, पण शिकताना अभ्यासाला होती ती मोठाली शहरं. या गावात एक बसस्टँड, त्याच्यासमोरचा बाजाररस्ता, दोन बँका, एक सरकारी दवाखाना, आणि गाव संपलं की चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा. पहिल्या दिवशी मी गावाचा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा तो टेबलाच्या अर्ध्यातच मावला. थोडी निराशच झाले होते, खोटं कशाला सांगू.

आमचं घर बडनेऱ्याला. वडील रेल्वेत होते, ते निवृत्त झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून जवळच घर घेतलं. मी रोज सकाळी बडनेऱ्याहून अमरावती आणि अमरावतीहून दुसरी बस धरून कामावर जायची. संध्याकाळी तीच वाट उलटी. परतताना बसस्टँडसमोर रस्त्याच्या कडेला ज्या भाजीवाल्या बसायच्या, त्यांच्यातल्या एकीकडून मी भाजी घ्यायची. ती माळ्याची बाई, साठीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, बोलायला तुटक. नदीकाठी तिची दीड एकराची वाडी होती. मेथी, पालक, अंबाडी तिच्याकडं असायचीच, आणि सांबार इतका ताजा असायचा की पिशवी उघडली की बसमधल्या बाया विचारायच्या, सांबार कुठून घेतला म्हणून. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. मी तिला मावशी म्हणायची. ती मला आधी मॅडम म्हणायची, पुढं नुसतं पोरी म्हणायला लागली.

तिच्या मागंच वजनकाट्यांचं एक जुनं दुकान होतं. ते चालवणारे चाचा काटे विकायचे, दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा साऱ्या बाजाराचे काटे गोळा करून सरकारी शिक्का मारून आणायचे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. अक्षर असं की नगरपंचायतीच्या कारकुनानं लाजावं. लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे.

आमचे मुख्याधिकारी मराठवाड्यातले. मनानं चांगला आणि कामाला पक्का माणूस. त्यांना एकच गोष्ट खात होती. बसस्टँडसमोर दोन्ही बाजूंना भाजीवाल्या बसल्यामुळं बसला वळायला जागा राहत नव्हती, आणि मी यायच्या आधी एका भाजीवालीच्या पायावरून टेम्पोचं चाक गेलं होतं. ती बाई अजून लंगडत होती. साहेब म्हणायचे, गावाची प्रगती व्हायची असेल तर गावाला धड बाजार पाहिजे. छप्पर असलेला, ओटे असलेला, गाड्या लावायला जागा असलेला. त्यासाठी निधी आला होता. जागा ठरवायचं काम माझ्याकडं दिलं.

जागा दोन होत्या. एक बसस्टँडच्या बाजूला नाल्याच्या कडेनं गेलेली अरुंद पट्टी, नगरपंचायतीचीच, पण तिथं भंगार आणि मोडक्या घंटागाड्या पडलेल्या. दुसरी गावाबाहेर, हायवेला लागून, मोकळी आणि सपाट. बसस्टँडपासून किलोमीटरभर. मी दुसरी निवडली. ती का चांगली यावर चार पानं लिहिली. गाव त्याच दिशेला वाढणार, गाड्या लावायची सोय, पुढं बाजार वाढवायला वाव. ती पानं लिहून झाली तेव्हा मला वाटलं, आता मी खरी नगररचनाकार झाले. साहेबांनी वाचली आणि सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

नियमाप्रमाणं हरकती आणि सूचना मागवल्या. फार आल्या नाहीत. सुनावणीच्या दिवशी मावशी आली. हातात चाचांच्या सुंदर अक्षरातला अर्ज, त्यात एकच ओळ. नव्या जागी गिऱ्हाईक येणार नाही, सबब बाजार हलवू नये.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "कशावरून म्हणता, बाई?"

"मले मालूम आहे."

"अहो, पण काही कारण सांगाल की नाही?"

"तीस वरसांपासून बसून राहिली मी तठी," मावशी म्हणाली. "गिऱ्हाईक कोठून येते थे मले मालूम नाई राहीन, तं कोणाले राहीन?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. अहवालात त्या अर्जापुढं मी माझ्या हातानं लिहिलं, हरकतीस ठोस आधार नाही, अमान्य. मावशी जाताना माझ्या टेबलाशी थांबली आणि आज भाजी घेशील का, मेथी चांगली आहे, असं विचारून गेली. संध्याकाळी मी घेतलीही. 

बाजार उभा राहिला. चाळीस सिमेंटचे ओटे, वर निळे पत्रे, मध्ये फरशीची वाट. उद्घाटनाला मंडप घातला, भाषणं झाली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या भाजीवाल्या तिकडं बसायला लागल्या. कोणी भांडलं नाही. उलट काहीजणी खूशच होत्या, डोक्यावर सावली आली म्हणून. पायावरून चाक गेलेली बाई पहिल्या रांगेत बसली होती. बसस्टँडसमोरचा रस्ता झाडून काढल्यासारखा रिकामा झाला. साहेब मला म्हणाले, "बघा, गाव कसं मोठं दिसायला लागलं."

आठवड्यानंतरची गोष्ट असेल. घरी गेले तर आईनं विचारलं, "आजकाल भाजी आणत नाहीस?"

मी चप्पल काढता काढता म्हणाले, "भाजीवाल्या आता लांब बसतात. तिकडं जाऊन यायचं म्हणजे बस सुटते."

बोलून गेले आणि तशीच उभी राहिले. आई स्वयंपाकघरात निघून गेली, तिला काहीच वेगळं वाटलं नाही.  ही हरकत मी स्वतःच्या तोंडानं सांगत होते. इतके महिने रोज त्या बसस्टँडवर उभी राहत होते, बस लागायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत भाजी घेत होते, आणि चार पानांत कुठंही माझ्या मनात आलं नव्हतं की बाजारातलं गिऱ्हाईक म्हणजे मीच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या बाजारात गेले. पत्रे तापले होते. वीसेक बाया बसल्या होत्या, बाकीचे ओटे रिकामे. मावशीची मेथी सुकून तिच्या जुड्या आडव्या पडल्या होत्या. ती त्यांच्यावर ओल्या फडक्यानं पाणी मारत होती. मला पाहून सरकून बसली आणि बाजूला जागा केली. मी विचारलं, कसं चाललंय. ती म्हणाली, सकाळपासून चार जण आले, त्यांतले दोन रस्ता विचारायले.

त्यानंतर एकेक करून बाया परत बसस्टँडसमोर जायला लागल्या. आधी कोपऱ्यावर दोघी, मग पाच, मग सगळ्याच. साहेब संतापले. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. सरकारी निधीतून बांधलेला बाजार ओस, आणि रस्त्यावर पुन्हा तीच गर्दी. वरिष्ठांकडं कोणीतरी त्याचे फोटो काढून पाठवलेले. त्यांनी अतिक्रमण हटवायचं ठरवलं आणि मला पथकाबरोबर जायला सांगितलं, रस्त्याची हद्द दाखवायला.

मी टेप घेऊन पुढं, मागं चार सफाई कामगार आणि एक ट्रॅक्टर. त्या दिवशी मला कुठं तोंड लपवावं असं झालं होतं. बायांनी आरडाओरडा केला, काहीजणी रडल्या. मावशीनं मात्र आपली टोपली उचलली, पोतं झटकून घडी केलं आणि चाचांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. मला हाक मारली. गेले तर तांब्या पुढं केला.

"पाणी पे," म्हणाली. "तोंड कसं सुकलं तुहं."

मी पाणी प्यायले. चाचा आत बसून एका काट्याचं पारडं घासत होते. ते वर न बघता म्हणाले, "बेटा, एक हप्ता यहां बैठके देखो. कुछ मत लिखो, बस देखो."

संध्याकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि एक आठवडा मागितला. जागा निवडताना चूक झाली असं मला वाटतं, आणि ती माझी आहे, हेही सांगितलं.  ते म्हणाले, "आठवडा घ्या. पण नुसत्या 'मला वाटतं'वर काम होणार नाही. आकडे आणा."

आठवड्यापुरती कारवाई थांबली, बाया पुन्हा बसस्टँडसमोर बसल्या, आणि तो आठवडा मी चाचांच्या दुकानात काढला. लिहू नका म्हणाले तरी मी लिहिलंच, मला तेवढंच येतं. सकाळी पहिली बस आली की आसपासच्या खेड्यांतून बाया-माणसं उतरायची. कोणी दवाखान्यात, कोणी बँकेत, कोणी तहसीलच्या कामाला, पोरं शाळेत. सगळ्यांची कामं बसस्टँडच्या आसपास. दुपारच्या आणि संध्याकाळच्या बसच्या आधी ती माणसं परत यायची आणि बस लागेपर्यंतच्या वेळात भाजी घ्यायची. गावातले लोक थोडेच. गावात बऱ्याच घरी परसात भाजी होती नाहीतर शेत होतं. गिऱ्हाईक खेड्यांतलं होतं, ते बसनं येत होतं आणि बसनं जात होतं. मावशीनं सुनावणीत एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मला समजायला सात दिवस आणि एक वही लागली.

आणखी एक गोष्ट होती, जी कोणत्याही अर्जात आली नसती. बायांना दिवसभर बसायचं तर संडासाची सोय लागते. बसस्टँडवर ती होती. नव्या बाजारात बांधलेली होती, पण नळाला पाणी नव्हतं. त्यामुळं तिथं बसत होत्या तेव्हा बाया सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. हे मला मावशीनं सांगितलं नाही, पायानं लंगडणाऱ्या बाईनं सांगितलं, तेही मी तिच्याशेजारी तासभर बसल्यावर.

मी मावशीला विचारलं, मग आता त्या चाळीस ओट्यांचं करायचं काय? मला वाटलं ती म्हणेल, पाडून टाका. ती शेंगा निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तठी गाड्या उभ्या राह्यते ना? मंग तठी हर्रास करा. आमचा ठोक माल अमरावतीले न्या लागते. गाडीवाल्याले कुठं बस पकडाची राह्यते?"

हर्रास म्हणजे लिलाव. आसपासचे भाजीवाले शेतकरी आपला माल पहाटे टेम्पोत भरून अमरावतीला नेत होते, कारण जवळ कुठं ठोक खरेदी होत नव्हती. हायवेलगतची मोकळी जागा, छप्पर, गाड्या लावायची सोय, हे सगळं त्यासाठीच केल्यासारखं होतं. मी गावासाठी बाजार आखला होता, फक्त तो कोणत्या गिऱ्हाइकाचा हे मला कळलेलं नव्हतं.

मी साहेबांपुढं वही ठेवली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, नव्या बाजारात हर्रास आणि भाजीवाल्यांना नाल्याकडची पट्टी. त्यांनी ती पानंपान वाचली. मध्येच एकदा हसले. बोलले इतकंच, "ही पानं आधी लिहिली असती तर?"  पण त्या दिवसानंतर त्यांनी मनापासून साथ दिली, हे सांगितलंच पाहिजे. ओट्यांसाठी स्वतः एसटीच्या आगारात बोलून आले, व्यापाऱ्यांना बोलावलं, नाल्याकडच्या पट्टीवरचं भंगार उचलायला लावलं. नव्या बाजारात पाण्याची टाकी बसली. पावसाळा संपता संपता तिथं सकाळची हर्रास सुरू झाली. आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज. आणि नाल्याच्या कडेनं, बसस्टँडच्या कुंपणाला लागून, चोवीस लहान ओटे बांधायला मंजुरी मिळाली.

चोवीस. बाया होत्या तीसच्या वर. पट्टी तेवढीच होती, मी कितीही वेळा मोजली तरी वाढत नव्हती. कोणाला द्यायचा, कोणाला नाही, यावर भांडणं व्हायला लागली, तेव्हा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. नगरपंचायतीच्या सभागृहात सगळ्या जमल्या. शाळेतल्या एका मुलीनं डब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि मी नावं वाचत गेले. लंगडणाऱ्या बाईचं नाव निघालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस झाली, बावीस झाली. चोविसावी चिठ्ठी उघडली. मावशीचं नाव नव्हतं.

मी तिच्याकडं पाहू शकले नाही. खाली उतरले तोपर्यंत ती फाटकाशी पोचली होती. मी मागं गेले. ती म्हणाली, येऊ नको. मग दोन पावलं जाऊन वळली आणि म्हणाली, "बाकीच्यायचं तं झालं ना. रडू नको माय, लोक पाहून राहिले."

नियम माझाच होता. चिठ्ठ्यांची सूचनाही माझीच. त्या संध्याकाळी बस लागली तरी मी चढले नाही, पुढच्या बसनं गेले.

तीन-चार दिवसांनी चाचांनी मला निरोप पाठवला. गेले तर दुकानाची रचनाच बदललेली. पायरीवर मांडलेले लोखंडी काटे आत गेले होते, दाराशी टेबल होतं, आणि त्या रुंद दगडी पायरीवर मावशी टोपली मांडून बसली होती. मी काही विचारायच्या आत चाचा म्हणाले, "काटे तो अब सब बॅटरीवाले हो गए. पायरीपर कौन रुकता है? इनकी भाजी रखेंगे तो दुकान में चार लोग झांकेंगे तो सही." मावशी म्हणाली, चाचायच्या बापाच्या वेळेपासून माहे काटे इथंच येते. बस, एवढंच. दोघांनीही त्याचा मोठा उपकार म्हणून उल्लेख केला नाही आणि मलाही करू दिला नाही.

पण गाव ते गाव. चिठ्ठीत नाव न निघालेल्यांपैकी कोणीतरी तक्रार केली, पायरी रस्त्यावर आहे, म्हणजे हेही अतिक्रमणच. तक्रार रीतसर होती. साहेबांनी ती माझ्याकडं पाठवली, मोजणी करून अहवाल द्या म्हणून. चाचांनी आतून एक पत्र्याची पेटी आणली आणि त्यातून त्यांच्या आजोबांच्या नावाची जागेची सनद काढली, घड्यांवर फाटलेली, मागून कापड चिकटवलेली. मी टेप लावला. पायरीची कड हद्दीच्या चार इंच आत होती. मला विश्वास बसला नाही, कारण मला तेच हवं होतं. पुन्हा मोजलं. मग ऑफिसातल्या ओव्हरसियरना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं. चार इंचच. अहवाल लिहिला, तक्रारीत तथ्य नाही. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, मोजाले एवढा वेळ लागते का?

त्यानंतर मी त्या गावात दोन वर्षं होते. साहेबांची बदली आधी झाली, मग माझी, अमरावतीला. तिथं असतानाच माझं लग्न झालं, मुलगी झाली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. नाल्याकडच्या ओट्यांना पावसात खालून ओल येते. नव्या बाजारात हर्रास दहापर्यंत संपते, नंतर दिवसभर पोरं क्रिकेट खेळतात आणि मागच्या रांगेतल्या ओट्यांवर मिरच्या वाळत असतात. जागा न मिळालेल्या बायांपैकी दोघींनी धंदा सोडला. एक आता संत्र्याच्या बागेत मजुरीला जाते. हे मला ठाऊक आहे. पण खेड्यांतले भाजीवाले अमरावतीच्या फेऱ्या वाचल्या म्हणतात, आणि बसस्टँडसमोर बस एका दमात वळते.

मागच्या हिवाळ्यात कामानिमित्त त्या बाजूला गेले होते. पायरीवर मावशीची सून होती. चाचा आत चष्मा लावून एका इलेक्ट्रॉनिक काट्याचं पोट उघडून बसले होते. गुडघे धरल्यामुळं मावशी आता वाडीतच असते, असं कळलं. मी चालत नदीकडं गेले. ती वांग्याच्या वाफ्यात बसूनच निंदत होती. मला पाहून उठायला गेली, मी उठू दिलं नाही, तिथंच बांधावर बसले.

तिनं आधी आईची चौकशी केली, मग माझ्या मुलीची. मग नदीच्या पलीकडं बोट दाखवून विचारलं, "थो बायपास का काय म्हणते, थो कोठून जाऊन राहिला? कोणी म्हणते माह्या वाडीतून."

गावाला बायपास होणार होता, आणि त्याची एक रेघ मी नकाशावर पाहिली होती. फोनवर नकाशा काढून तिला दाखवला. ती रेघ तिच्या वाडीपासून बरीच लांबून जात होती. पण ती पक्की नव्हती, मोजणी व्हायची होती. मी तिला तसंच सांगितलं. काळजी करू नका असं म्हणणं सोपं होतं, पण माझ्यानं म्हणवलं नाही.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तिला त्यात नदी सापडली, मग विहीर.

"पक्की झाली का सांगजो," ती म्हणाली. "नाई, व्हाच्या आंधीच सांगजो. मंग मी येतो तुह्या हापिसात, अर्ज घेऊन."

मग तिनं सुनेला हाक मारायला तोंड वळवलं, आठवलं की सून दुकानावर आहे, आणि स्वतःच गुडघ्यावर हात टेकून उठली. वाडीतल्या घरी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती. मी जेवूनच निघाले.